वृद्धाश्रमाची तपासणी : वास्तूची की शुश्रूषेची?



आपल्यापैकी अनेक जण गावातील किंवा परिसरातील एखाद्या वृद्धाश्रमात मानद वैद्य म्हणून जातात. ठरलेल्या दिवशी जायचे, वीस-पंचवीस वृद्धांची नाडी पाहायची, रक्तदाब मोजायचा, काही चूर्णे, काढे व तेले लिहून द्यायची आणि निघताना भेटीच्या नोंदवहीत सही करायची, असा हा क्रम असतो. ही सेवा आपण निःशुल्क करतो आणि तिचे समाधानही आपल्याला असते. परंतु त्या सहीचा अर्थ काय होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. संस्थेच्या दृष्टीने, देणगीदारांच्या दृष्टीने आणि परगावी वा परदेशी असलेल्या मुलांच्या दृष्टीने ती सही म्हणजे ‘येथे सर्व ठीक आहे’ असे वैद्याने दिलेले प्रमाणपत्र असते. हे प्रमाणपत्र देण्याइतके आपण पाहिलेले असते काय? या लेखात मी याच प्रश्नाची चर्चा करणार आहे. आरंभ स्वतःच्या चुकीपासून करणे उचित ठरेल.

एका चादरीची गोष्ट

एका संस्थेत मी कित्येक वर्षे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता जात असे. स्वच्छ फरशी, धुतलेल्या चादरी, फिनेलचा वास, भिंतीवर सुविचार. सर्व काही नीटनेटके असे. एके दिवशी अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना मी सहज म्हणालो, “आजी, चादर अगदी कोरी दिसते आहे.” त्या हसून म्हणाल्या, “आज चादरी बदलल्या, तेव्हाच कळलं डॉक्टर, आज तुम्ही येणार म्हणून.”

त्या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मनाला अधिक लागले. पुढच्या आठवड्यात, कोणालाही न कळवता, एका बुधवारी सायंकाळी साडेपाच वाजता मी तेथे गेलो. रात्रीचे जेवण वाढून होत आले होते. त्यानंतर सकाळी आठच्या चहा-नाश्त्यापर्यंत काहीही दिले जात नसे, म्हणजे चौदा तासांहून अधिक लंघन. जेवणाबरोबर पाण्याचे अर्धेच भांडे ठेवलेले होते. कारण विचारले असता तेथील मावशींनी प्रांजळपणे सांगितले, “रात्री बावीस जणांना मी एकटी. पाणी जास्त झालं की सारखं उठवावं लागतं, नाहीतर गाद्या ओल्या होतात.”

त्या आजींना मी सात महिने मलावष्टंभासाठी औषध देत होतो. आधी हरीतकी, मग गंधर्वहरीतकी, मग एरंडतेल आणि दर महिन्याला मात्रेत थोडी वाढ. वार्धक्यात वात बळावतो, पक्वाशय हे वाताचे स्थान, म्हणून मलावष्टंभ, असे माझे निदान ठरून गेले होते. निदान शास्त्राला सोडून नव्हते. पण सात महिन्यांत त्यांना ‘दिवसाकाठी पाणी किती पिता?’ आणि ‘शौचाला जायचे असेल तर कोण नेते?’ हे दोन प्रश्न मी विचारले नव्हते. रोगाचे मूळ संस्थेच्या वेळापत्रकात होते आणि उपचार मात्र मी रुग्णाच्या कोष्ठावर करीत होतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी म्हणून आपण सारेच शिकलो. ती पायरी मी गाळली होती.

सध्याची तपासणी काय पाहते?

वृद्धांसाठी संस्था असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. पुण्यातील ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकापासून कार्यरत आहे. मात्र आजची गरज निराळ्या प्रमाणावरची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षांवरील लोकसंख्या दहा कोटींहून अधिक होती. मुले दूर, घरे लहान आणि आयुर्मान वाढलेले, अशा स्थितीत धर्मादाय संस्थांबरोबर मासिक शुल्क घेणारी खाजगी केंद्रेही उभी राहिली आहेत.

कायद्याने या विषयाकडे पाहिले आहे, पण अर्धवट. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ यातील कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम स्थापन करू शकते. त्याच कलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना, सेवांची मानके, वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने यांचाही उल्लेख आहे. २०१९ साली या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. त्यात ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांच्या नोंदणीची तरतूद होती. परंतु ते विधेयक कायद्यात रूपांतरित झाले नाही. दुसरीकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत रुग्ण, जखमी तसेच दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा देणारी जागा येते. परंतु वृद्धाश्रमाचे चालक म्हणतात, ‘आमचे हे घर आहे, रुग्णालय नव्हे.’ प्रवेशाच्या दिवशी चालता-फिरता असलेला मनुष्य पाच वर्षांनी तेथेच अंथरुणाला खिळतो. घर केव्हा शुश्रूषागृह झाले, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

परिणामी जी तपासणी होते ती बहुधा मोजता येणाऱ्या वस्तूंची असते. खाटा किती, स्वच्छतागृहे किती, अग्निशामक नळकांडे आहे काय, हिशेब तपासले आहेत काय, हे सर्व आवश्यकच आहे. परंतु अमेरिकेतील आरोग्यसेवा-अभ्यासक अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली सेवेची गुणवत्ता पाहण्याच्या तीन पातळ्या मांडल्या : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. आपली तपासणी पहिल्या पातळीवरच थांबते. घंटा बसवली आहे की नाही हे पाहिले जाते. ती वाजवल्यावर कोणी किती वेळाने येते, हे पाहिले जात नाही.

अमेरिकेत वृद्ध-शुश्रूषागृहांतील हलाखीविषयी बराच काळ ओरड झाल्यावर १९८७ साली कायदा बदलण्यात आला. प्रत्येक शुश्रूषागृहाची तपासणी जास्तीत जास्त पंधरा महिन्यांच्या अंतराने आणि पूर्वसूचना न देता झाली पाहिजे, असे त्यात ठरले. तपासणीची तारीख आधी फोडणाऱ्यास दंडाची तरतूद केली गेली. शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी वृद्धांना बांधून ठेवण्यास अथवा औषधाने गुंगवून ठेवण्यास प्रतिबंध करण्यात आला. एवढे करूनही तेथील सर्व दोष गेले असे नाही. परंतु कळवून केलेली तपासणी ही तपासणी नव्हे, एवढे तरी त्या कायद्याने मान्य केले. माझ्या पहिल्या रविवारांना हा निकष लावला, तर ते सारेच व्यर्थ ठरतात.

आपल्या ग्रंथांतील मानके

परदेशाकडे पाहताना आपल्या घरात काय आहे याचाही विचार करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात आतुरासाठी गृह कसे असावे याचे वर्णन आहे. ते दृढ असावे, निवात असावे पण एका बाजूने वारा खेळता असावा, आत सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव नसावा. पाणी, शौचस्थान, स्नानभूमी व स्वयंपाकघर यांची सोय असावी. हे झाले वास्तूचे. त्यानंतर आचार्य परिचारकांकडे वळतात आणि तेथे त्यांचा तपशील अधिक बारीक होतो. स्नान घालणारे, अंग चेपणारे, उठवून बसवणारे, निजवणारे, औषध वाटणारे, वरण-भात रांधणारे. आणि हे सर्व शीलवान, शुचिर्भूत, दक्ष व रुग्णावर माया असणारे असावेत. एवढ्यावर न थांबता गायन-वादन, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे जाणणारे, रुग्णाचे मन ओळखणारे सोबतीही असावेत असे ते सांगतात. २००७ च्या कायद्याला करमणुकीची आठवण झाली, पण मन ओळखणाऱ्या माणसाची झाली नाही.

हे वर्णन शोधनकर्मास सिद्ध झालेल्या राजासाठी अथवा धनिकासाठी आहे, हे मला ठाऊक आहे. धर्मादाय संस्थेने गायक व कथेकरी नेमावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘उठवणारा’ आणि ‘निजवणारा’ ही दोन स्वतंत्र कौशल्याची कामे म्हणून आचार्यांनी गणली, ही गोष्ट आजच्या प्रत्येक वृद्धाश्रमाच्या रात्रपाळीला लागू पडते. सुश्रुतांनी परिचारकाच्या गुणांत ‘अजुगुप्सु’ म्हणजे किळस न करणारा आणि ‘अश्रांत’ म्हणजे न थकणारा, असे म्हटले आहे. बावीस जणांमागे एका मावशीला ठेवून तिने अश्रांत राहावे अशी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. दोष शोधताना आपण तिच्याकडे बोट दाखवू नये. तिचे वेतन, तिची विश्रांती आणि तिचे प्रशिक्षण हीदेखील तपासणीचीच कलमे होत.

अधारणीय वेग : तपासणीचे पत्रक

शुश्रूषा मोजावी कशी, या प्रश्नाचे उत्तर मला अखेर ‘न वेगान्धारणीय’ या अध्यायात सापडले. चरकाचार्यांनी तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. आपण ते रुग्णाला उपदेश म्हणून सांगतो. परंतु वृद्धाश्रमातील परावलंबी मनुष्य आपले वेग स्वेच्छेने धरीत नाही; संस्था त्याला ते धरायला लावते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ‘ही संस्था आपल्या निवाशांना कोणते वेग धरायला लावते?’ हाच तपासणीचा मुख्य प्रश्न असावा. सर्व तेरा वेगांची चर्चा येथे करीत नाही, सहा पुरेत.

मूत्र व पुरीष. घंटा स्वतः वाजवून घड्याळ पाहावे. चालू शकणाऱ्या वृद्धालाही केवळ सोयीसाठी डायपर लावले आहे काय, ते पाहावे. डायपर ठरावीक वेळीच बदलत असतील, तर मधल्या तासांचे काय होते हे विचारावे. चादर उचलून त्रिकास्थी व टाचा डोळ्यांनी पाहाव्यात. शय्याव्रणाची पहिली लाली येथेच दिसते आणि ती कोणत्याही नोंदवहीत नसते.

क्षुधा. जेवणाच्या वेळेस जाऊन बसावे. ताट समोर ठेवणे आणि जेवू घालणे यांत अंतर आहे. ज्यांना दात नाहीत किंवा ज्यांचा हात थरथरतो त्यांची ताटे परत कशी जातात, ते पाहावे. दोन जेवणांतील अंतर मोजावे. वजनाची मासिक नोंद मागावी. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटले असेल, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. ‘वय झाले’ हे कारण नव्हे.

पिपासा. पाण्याचे भांडे हाताच्या टप्प्यात आहे काय? जीभ व ओठ कोरडे आहेत काय? वृद्धांची तहानेची जाणीव मंद होते, म्हणून ‘मागितले तर देतो’ हे उत्तर पुरेसे नाही.

निद्रा. रात्री आठ वाजता सर्व खोल्या शांत असतील तर त्या शांततेचे कारण विचारावे. झोपेची गोळी कोणाच्या चिठ्ठीने, कधीपासून आणि कोणत्या कारणासाठी चालू आहे? रात्री उठून पडलेल्या वृद्धांच्या नोंदी या गोळ्यांच्या यादीशेजारी ठेवून पाहाव्यात.

अश्रू. बाष्प हाही अधारणीय वेग आहे, हे आपण विसरतो. संस्थेत रडणाऱ्याला ‘वातावरण बिघडवतो’ म्हणून गप्प केले जाते. प्रत्येक भेटीत किमान दोन-तीन निवाशांशी, व्यवस्थापक वा मावशी जवळ नसताना, बोलावे. त्या आजींनी मला पाण्याविषयी सविस्तर सांगितले ते हात धरून आणि ‘माझं नाव नका सांगू, मला इथंच राहायचंय’ एवढे वचन घेऊनच. ज्या तपासणीत एकांत नाही, तीत सत्य हाती लागणे कठीण.

औषधांची पेटी व आपली जबाबदारी

येथवर संस्थेविषयी बोललो. आता आपल्या पदरातील दोषांकडे वळू. वृद्धाश्रमातील एकेका निवाशाची औषधपेटी उघडून पाहा. हृदयरोगतज्ज्ञाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, मागील वैद्याने दिलेली गुटी, शिबिरात वाटलेले चूर्ण, सुनेने पाठवलेला अवलेह आणि आपण नव्याने लिहिलेला काढा. या सर्वांची एकत्र यादी बहुधा कोठेच नसते. मधुमेही वृद्धाला साखरयुक्त अवलेह चालू आहे, तेच रेचक द्रव्य तीन निरनिराळ्या नावांनी दिले जात आहे, असे प्रकार मी पाहिले आहेत आणि त्यांतील काही माझ्याच चिठ्ठीने घडलेले होते. प्रत्येक निवाशासाठी सर्व पॅथींच्या औषधांचे एकच पत्रक असावे आणि नवे औषध त्यावर लिहिल्याखेरीज देऊ नये. दुसऱ्या चिकित्सकाची औषधे आपण परस्पर बंद करू नयेत; त्याच्याशी बोलावे.

औषधनिर्माते व विक्रेते बंधूंना दोन गोष्टी नम्रपणे सांगावयाच्या आहेत. पहिली, दानाविषयी. वर्षाअखेरीस मुदत संपत आलेला साठा वृद्धाश्रमाला देण्याची प्रथा आपल्या व्यवसायात आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी उणे होते असे म्हटले आहे. आज वेष्टनामुळे मुदत अधिक धरली जाते हे खरे. परंतु जे आपण आपल्या वडिलांना देणार नाही, ते दान म्हणूनही देऊ नये. दुसरी गोष्ट हिशेबवहीविषयी. संस्थेची नाडी वैद्याआधी औषध विक्रेत्याच्या वहीत सापडते. रेचकांची मागणी दर महिन्याला वाढते आहे, झोपेच्या गोळ्यांची मागणी नव्या चिठ्ठीशिवाय दूरध्वनीवर येते आहे, डायपर मात्र निवाशांच्या मानाने फारच थोडे जात आहेत, या आकड्यांचा अर्थ दुकानदाराला कळतो. चिठ्ठीशिवाय औषध न देणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. आणि रुग्णांची नावे गुप्त ठेवून मानद वैद्याला सावध करणे हे नैतिक.

एक आक्षेप व त्याचे उत्तर

यावर काही सहकारी म्हणतील, ‘आपण विनामूल्य जातो. दोष दाखवू लागलो तर उद्या संस्था आपल्याला बोलावणार नाही. संस्था बंद पडली तर ही माणसे जातील कोठे?’ हा आक्षेप पोकळ नाही. चांगल्या हेतूने, तुटपुंज्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना केवळ धाक दाखवून काही साधणार नाही. माझ्या अनुभवात मी व्यवस्थापकांसमोर आरोप ठेवला नाही. जेवणाच्या वेळा, पाण्याची भांडी आणि माझ्या रेचकांचे वाढते प्रमाण एका कागदावर मांडले. ते दुखावले, दोन महिने मला बोलावणेही आले नाही. नंतर मात्र विश्वस्तांनी रात्रपाळीस दुसऱ्या मावशींची नेमणूक केली, जेवण सव्वासातला होऊ लागले आणि झोपताना कपभर गरम दूध मिळू लागले. आजींचे एरंडतेल सहा आठवड्यांत सुटले. सर्व प्रश्न मिटले असे म्हणणार नाही. एकांतात बोलू देण्यास तेथे आजही नाखुशी आहे. परंतु बोलल्याने संस्था बंद पडली नाही. मी गप्प राहिलो असतो, तर आजींचे एरंडतेल मात्र वाढतच गेले असते.

संघटनेपुढे सूचना

आपल्या संघटनेस तपासणीचा कायदेशीर अधिकार नाही, याची मला जाणीव आहे. तरीही पुढील गोष्टी आपण करू शकतो असे वाटते.

१. वरील मुद्द्यांवर आधारित एक पानी तपासणीपत्रक संघटनेने तयार करून सर्व सभासदांना द्यावे.

२. वर्षारंभी संस्थेकडून ‘वर्षातून चार वेळा, कोणत्याही दिवशी व कोणत्याही वेळी’ अशी लेखी संमती घ्यावी. संमती भेटीला असावी, तारखेला नव्हे. चारांपैकी एक भेट जेवणाच्या वेळी व एक रात्री व्हावी.

३. भेटीस दोघे जावेत. त्यांपैकी एक त्या संस्थेत उपचार न करणारा असावा आणि एक स्त्री-वैद्य असावी.

४. अहवाल प्रथम व्यवस्थापनास द्यावा, महिनाभराची मुदत द्यावी व पुन्हा जाऊन पाहावे. मारहाण, बांधून ठेवणे, उपासमार असे गंभीर प्रकार आढळल्यास मात्र मुदतीचा प्रश्नच नाही. प्रशासनास त्वरित कळवावे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तो क्रमांक प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरांत लावण्याचा आग्रह धरावा.

५. मावशी व मामांसाठी उठवणे, निजवणे, कूस बदलणे, मुखशुद्धी व अभ्यंग यांचे प्रशिक्षणवर्ग आपण घ्यावेत. हे काम आपल्याला येते आणि तेथे त्याची औषधांहून अधिक गरज आहे.

वैद्याची सही ही हलकी वस्तू नाही. ज्याने ती केली त्याने चादर उचलून पाहिले आहे, पाण्याचे भांडे पाहिले आहे, घंटा वाजवून वाट पाहिली आहे आणि एकांतात ऐकून घेतले आहे, असे समाजाने धरून चालावे इतका आपला शब्द खरा असला पाहिजे. पुढील भेटीत नोंदवही समोर आली की, लेखणी उचलण्यापूर्वी प्रत्येकाने आपण काय पाहिले एवढे मनाशी आठवावे. न पाहता केलेली सही त्या वृद्धांच्या विरुद्धच साक्ष देते. या विषयावर सभासदांनी आपले अनुभव व मतभेद अवश्य लिहून पाठवावेत, ही विनंती.